कृपया फोन बंद करू नका

फुकट मिळणाऱ्या सुधारणेवर मापसाहेबांचा विश्वास नव्हता. सकाळी दाढी करून ते बाहेरच्या खोलीत आले, टेबलावरचा नवा फोन उचलला, तर त्यावर संदेश आलेला: 'तुमच्या फोनसाठी अपडेट उपलब्ध आहे. फोन अधिक सुरक्षित आणि अधिक वेगवान होईल.' त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला, आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकली. अधिक सुरक्षित होईल म्हणजे आत्ता सुरक्षित नाही? मग विकला कसा? आणि विकताना ज्यानं हे सांगितलं नाही, तो आता आपण होऊन का सांगतोय, तेही पैसे न मागता?

आता एखाद्याला वाटेल, एवढं काय त्यात. एक बटण दाबायचं, फोन बाजूला ठेवायचा आणि आंघोळीला जायचं. पण असं वाटणाऱ्या माणसानं उभा जन्म वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला नसतो. मापसाहेबांनी काढला होता. पारड्याखाली चिकटवलेली लोहचुंबकं, आतून पोखरलेली वजनं, तळ वर ढकललेली मापं त्यांनी स्वतःच्या हातांनी पकडली होती. निवृत्त झाल्यावरही बाजारात ते भाजीकडे बघत नसत, काट्याकडे बघत. त्यामुळे त्यांच्या घरी येणारी भाजी वजनाला अचूक आणि बहुतेक वेळा शिळी असे. इमारतीतले लोक त्यांना मापसाहेब म्हणत. त्यात थोडी थट्टा होती, पण मापसाहेबांना ती पदवी वाटे आणि कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता.

मुलानं आईबाबांना एकसारखे दोन फोन पाठवले होते, म्हणजे तुझा चांगला की माझा चांगला हा वाद नको. एक मापसाहेबांचा, एक वहिनींचा. वहिनी म्हणजे मापसाहेबांची बायको, पण साऱ्या इमारतीला त्या वहिनीच होत्या. साठी उलटल्यावर त्या पोहायला शिकल्या आणि आता रोज सकाळी तलावावर जात. तिथल्या कपाटांना कुलपं नव्हती, म्हणून फोन घरीच ठेवून जात. मापसाहेबांना त्या तलावाचाही संशय होता. भिंतीवर लिहिलेल्या खोलीपेक्षा पाणी कमी असावं असा त्यांचा अंदाज होता, पण मोजायचं तर उतरावं लागलं असतं.

या दोन फोनांत एक मोठा फरक होता. वहिनींच्या फोनमध्ये आक्का होती. आक्का म्हणजे वहिनींची थोरली बहीण. ती गेल्या वर्षी गेली. तिला अक्षरं दाबत बसायचा भारी कंटाळा, म्हणून ती सगळे निरोप बोलून पाठवायची. निरोप म्हणजे काही थोर विचार नव्हेत. आमच्या फ्रीजमधून पाणी येतंय, डॉक्टर तरुण आहे पण मठ्ठ आहे, तू ती निळी साडी नेसत जा, असलं. वहिनी रोज दुपारच्या चहाबरोबर त्यातला एक निरोप लावत. मापसाहेब समोर पेपर धरून बसलेले असत. आपल्याला काही ऐकू येत नाही असं ते दाखवत, पण आक्काचा आवाज चालू असेपर्यंत त्यांनी कधी पान उलटलं नव्हतं.

म्हणजे त्या फोनचं मोल त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. आणि तरीही पुढचं सगळं घडलं, त्याला खात्याची शिस्त कारणीभूत झाली.

संदेश हातात धरून ते समोरच्या बिऱ्हाडात गेले. तिथं बँकवाले राहत. हेही निवृत्त. कुठल्याही विषयावर दोन्ही बाजूंनी ठाम सल्ला देण्याची हातोटी त्यांना होती.

"अजिबात करू नका," बँकवाले म्हणाले. "आमच्या साडूनं केलं. दुसऱ्या दिवशी घरात पंख्याबद्दल बोलले, तर तिसऱ्या दिवशी फोनवर पंख्यांच्या जाहिराती."

"ऐकतो म्हणजे फोन."

"ऐकतोच. पण न करूनही चालत नाही. आमच्या पुतण्यानं केलं नाही, तर त्याचं बँकेचं खातंच उघडेना."

"म्हणजे केलं तरी मरण आणि न केलं तरी मरण."

"तुम्ही खात्यात काय करत होतात अशा वेळी?"

हा प्रश्न बँकवाल्यांनी विचारायला नको होता. मापसाहेब ताठ बसले. खात्यात असं करत की, माल संशयित असेल तर सगळा उघडत नसत. त्यातला एक नमुना बाजूला काढत, त्याची तपासणी करत आणि मग उरलेल्याचा निर्णय घेत. एकसारखे दोन फोन होते. त्यातला एक नमुना. आता कुठला, एवढाच प्रश्न होता.

मापसाहेबांनी तो निःपक्षपातीपणे सोडवला. आपल्या फोनमध्ये पेन्शन होती, बँक होती, विजेचं बिल होतं. वहिनींच्या फोनमध्ये फुलांची चित्रं, सुप्रभात आणि आक्का. नमुना बिघडला तर आपल्या फोनवरून दाद तरी मागता येईल. शिवाय पहिला धोका आपण तपासून दिला की वहिनींचं भलंच होईल. त्यांनी स्वतःशी हा युक्तिवाद इतक्या वेळा केला की शेवटी शेवटी वहिनींनीच विनंती केली आहे असं त्यांना वाटू लागलं.

वहिनी तलावावर गेल्या होत्या. फोनला त्या कुलूप लावत नसत. मापसाहेबांनी तो टेबलाच्या मधोमध ठेवला, शेजारी भिंग ठेवलं, आणि बँकवाल्यांना साक्षीदार म्हणून खुर्ची दिली. फोननं आधी अटी दाखवल्या. खाली लिहिलं होतं, 'वाचले आणि मान्य आहे.' माणसं इथं न वाचताच मान्य करतात. मापसाहेबांनी वाचायला सुरुवात केली. बँकवाल्यांचा चहा झाला, त्यांनी पेपर संपवला, थोडी डुलकी काढली, तरी मापसाहेब वाचत होते.

"सापडलं," ते एकदम म्हणाले. "'अपडेटमुळे होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस कंपनी जबाबदार राहणार नाही.' म्हणजे नुकसान होणार हे यांना आधीच माहीत आहे."

"मग नका करू."

"आता तर करायलाच हवं. चोर पकडायचा तर त्याला आधी चोरी करू द्यावी लागते, बँकवाले."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर एक रेघ हळूहळू भरू लागली. अर्ध्यावर येऊन ती थबकली. मग पडदा काळा झाला, मधोमध एक गोल फिरू लागला आणि त्याखाली अक्षरं आली: 'कृपया फोन बंद करू नका.'

मापसाहेबांच्या अंगावर काटा आला. हे वाक्य ते ओळखत होते. शब्द वेगळे होते, पण वाक्य तेच. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका धान्याच्या दुकानदारानं हात जोडून म्हटलं होतं, साहेब, काट्याला तेवढा हात लावू नका, नाजूक आहे. त्यांनी हात लावला होता आणि पारड्याखालून चुंबक निघालं होतं. त्यानंतर ज्यानं ज्यानं हात लावू नका म्हटलं, त्याच्याकडे काहीतरी निघालंच होतं. सगळी नोकरी या एका ज्ञानावर झाली होती. हे ज्ञान त्यांनी नव्या निरीक्षकांना शिकवलंसुद्धा होतं.

"बँकवाले, आत काहीतरी चाललंय."

"चाललंच असणार. अपडेट चाललंय."

"मग पडदा काळा कशाला केला? उजेडात करा ना काय करायचं ते."

"लिहिलंय ना, बंद करू नका म्हणून."

"म्हणूनच," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांनी बाजूचं बटण गच्च दाबून धरलं.

फोन बंद झाला. विजयी चेहऱ्यानं त्यांनी तो परत चालू केला. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं. उचकी लागावी तसं ते येत-जात राहिलं आणि त्यापुढे काहीच येईना. त्यांनी फोन उलटा केला, सुलटा केला, हलकेच थोपटला. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"काही घाबरू नका," बँकवाले म्हणाले. घाबरायला हवं हे मापसाहेबांना तेव्हाच कळायला हवं होतं. "साडूच्या फोनचं हेच झालेलं. दोन बटणं एकदम दाबली की आतलं पान उघडतं."

दोन बटणं एकदम दाबली. आतलं पान उघडलं. ते इंग्रजीत होतं, आणि अक्षरं इतकी बारीक होती की मुंग्यांची रांग वाटावी. बँकवाले स्वतःचा चष्मा घरी विसरून आले होते, म्हणून मापसाहेबांनी आपला दिला. त्यामुळे वाचायला बँकवाले होते आणि बटण दाबायला मापसाहेब, ज्यांना आता काहीही दिसत नव्हतं. आयुष्यात प्रथमच त्यांनी स्वतः न वाचता कशालातरी मान्यता दिली.

"इथं फॅक्टरी असं काहीतरी आहे," बँकवाले म्हणाले. "फॅक्टरीतून आला तेव्हा चांगला होता ना?"

"उत्तम होता."

"मग तेच करा. परत तसा होईल."

"नक्की?"

"खात्री आहे का म्हणून तोही विचारतोय. हो म्हणा."

मापसाहेबांनी हो म्हटलं. थोड्या वेळानं फोन खरोखरच जिवंत झाला. लख्ख पडदा उजळला आणि त्यावर एकामागून एक अनेक भाषांत नमस्कार उमटू लागले. फोन म्हणाला, चला, सुरुवात करूया. फुलं नव्हती, सुप्रभात नव्हतं. इतके दिवस घरात राहिलेला तो फोन आता आपण कोण म्हणून विचारत होता. बँकवाल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घरी गॅसवर दूध ठेवलंय म्हणाले आणि गेले. ते दूध गेली कित्येक वर्षं प्रत्येक अडचणीच्या वेळी गॅसवर असतं.

मापसाहेबांनी मुलाला फोन लावला. मुलगा कामात होता, हळू आवाजात बोलत होता.

"बाबा, सगळं पुसलं गेलंय त्यातलं. पण बॅकअप असेल ना? म्हणजे एक प्रत कंपनीकडे असते."

"ती मी बंद केली होती. पहिल्याच दिवशी. दोन्ही फोनांवर."

"का?"

"आपल्या घरातलं परक्याच्या घरी कशाला ठेवायचं?"

मग मुलानं विचारलं, "आक्कामावशीचे निरोप त्यातच होते ना?"

"त्यातच होते."

"आईला सांगितलंत?"

"ती पोहायला गेलीय."

"बाबा, दुरुस्ती केंद्रात विचारून बघा. पण मला नाही वाटत काही होईल."

मापसाहेबांनी कपडेसुद्धा बदलले नाहीत. घरातल्या पायजम्यावर कोट चढवून ते कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेले. काचेचं दार, गारठा आणि ओळीनं खुर्च्या. दारातल्या यंत्रानं त्यांना क्रमांकाची चिठ्ठी दिली. त्यांच्या मागून आलेल्या एका गृहस्थाला आधी बोलावलं तेव्हा त्यांनी उठून दोन्ही चिठ्ठ्या ताडून पाहिल्या. गृहस्थ फोन घ्यायला आले होते आणि त्यांची रांग वेगळी होती. गृहस्थांनी हे समजावून सांगितलं, पण मापसाहेबांनी यंत्राकडे पाहणं सोडलं नाही.

शेवटी त्यांचा क्रमांक आला. काउंटरवर एक मुलगी होती, गंभीर आणि सभ्य.

"फोन कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या पत्नीच्या."

"त्या आल्यात?"

"मी आलोय. पती."

"तसं काही ओळखपत्र?"

"पती असल्याचं ओळखपत्र?" मापसाहेबांचा आवाज चढला. "मी सरकारी निरीक्षक होतो. लोकांची कागदपत्रं मी तपासायचो."

"मग तुम्हाला कळेलच," ती शांतपणे म्हणाली. "चोरीचे फोन घेऊन येणारे सगळे पतीच असतात, काका. फोन त्यांच्या खात्याचा पासवर्ड मागतोय. तो सांगता का?"

तो त्यांना माहीत नव्हता. चाळीस वर्षं संसार केला, पण बायकोचा पासवर्ड ठाऊक नव्हता. मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी च् च् केलं. आपण पायजम्यात आलो आहोत हे मापसाहेबांच्या तेव्हा लक्षात आलं. त्यांनी कोट पुढून ओढून घेतला.

"ते असू द्या," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज आपोआप उतरला. "एवढंच सांगा, पुसलेलं परत मिळतं का? पैसे लागतील ते देतो. त्यात तिच्या बहिणीचा आवाज आहे. बहीण आता नाही."

मुलीनं फोनकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "फोनमधून नाही मिळत, काका," ती म्हणाली. "कुणी मिळवून देतो म्हणालं तर विश्वास ठेवू नका." सकाळपासून त्यांना मिळालेला हा पहिला पटण्याजोगा सल्ला होता, आणि त्यांना तो नको होता.

परत येताना त्यांनी बऱ्याच गोष्टी रचून पाहिल्या. फोन पडला म्हणावं. चोरीला गेला म्हणावं. कंपनीनं आपण होऊन पुसला म्हणावं. पण खोटं बोलणारी माणसं त्यांनी जन्मभर समोर उभी केली होती. ती कुठं अडखळतात आणि कुठं घाम पुसतात हे त्यांना पाठ होतं. जिना चढतानाच त्यांना घाम फुटला. आपण पहिल्याच प्रश्नाला सापडू, हे त्यांना कळून चुकलं.

वहिनी केव्हाच आल्या होत्या आणि घरी पुन्हा न्हाल्या होत्या. ओले केस टॉवेलनं पुसत त्या खुर्चीत बसल्या होत्या. नवऱ्याचा कोट, पायजमा आणि हातातला आपला फोन हे सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं.

"काय झालं?"

"आक्का गेली," मापसाहेब म्हणाले, आणि खालीच बसले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. नमुना, अटी, काळा पडदा, दोन बटणं. काही वगळलं नाही, बँकवाल्यांवरही ढकललं नाही. "मला कळत होतं की ते तुझं आहे," ते म्हणाले. "माझ्या फोनवर आधी करायला मला भीती वाटली. म्हणून तुझ्यावर केलं. खरं तेवढंच आहे. बाकीचं मी मला समजावत होतो." त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला चष्मा मध्ये येत होता.

वहिनींनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला, फोन घेतला आणि बोटानं पासवर्ड भरला. बराच वेळ त्या काहीतरी दाबत राहिल्या. मापसाहेब चोरून बघत होते. पडद्यावर पुन्हा एक रेघ भरू लागली. हात लावू नये म्हणून त्यांनी आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले.

रेघ भरली. फुलं आली, सुप्रभात आलं. मग आक्काचं नाव आलं, आणि त्याखाली तिचे निरोप, जसेच्या तसे.

"हे कसं काय?" मापसाहेब पडद्यावर वाकले. "प्रत मी बंद केली होती."

"तुम्ही केलीत, मी त्याच संध्याकाळी चालू केली."

"मला न विचारता?"

"तुम्हाला विचारून काय झालं असतं?"

मापसाहेबांचा जीव भांड्यात पडला होता, पण त्यातही कुठंतरी लागलं. "म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नव्हता."

"फोनच्या बाबतीत नव्हता. आणि ही माझी अक्कल नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांनी निरोपांतून खालून वर बोट फिरवलं आणि एकावर टेकवलं.

आधी आक्काचा खोकला आला, मग आवाज. "अगं, ऐक. मुलगा नवा फोन देणार म्हणालीस ना, तर साहेबांना त्याला हात लावू देऊ नकोस. लावतीलच ते, म्हणून आधी सगळं दुसरीकडे ठेवून दे. आणि पुढं कधी बिघडवलाच त्यांनी, तर फार बोलू नकोस त्यांना. मी इथं दवाखान्यात आहे तर रोज येतात. येतात ते येतात, त्या नर्सला विचारतात, सलाइन मापानं बरोबर आहे का. थेंब मोजत बसतात खुर्चीत. मुली हसतात त्यांना. मी पण हसते. पण खरं सांगू का, ते मोजत बसले की मला झोप लागते. एरवी नाही लागत. आता दुसरं तुला सांगायचं राहिलंच, ते असं की..."

वहिनींनी निरोप थांबवला.

मापसाहेब मान खाली घालून बसले होते. थेंब मोजत होतो हे त्यांना आठवत होतं. आक्का जागी होती आणि बघत होती, हे त्यांना माहीत नव्हतं.

"पुढं आहे अजून," शेवटी ते म्हणाले.

"आहे."

"काय आहे?"

"आमचं बहिणीबहिणींचं आहे."

चाळीस वर्षांची सवय मापसाहेबांच्या जिभेवर आली. बहिणीबहिणींचं म्हणजे काय, कुणाबद्दल, आणि आपल्यासमोर का नाही. त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींचं बोट फोनवर थांबलेलं होतं आणि डोळे ओले होते.

"चहा टाकतो," ते म्हणाले. ते उठून स्वयंपाकघरात गेले, दार ओढून घेतलं, आणि चुकूनसुद्धा काही ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवला.